आई-बाबा, सोबत काही पानं पाठवतोय

पुणे,
रविवार, ४ जानेवारी

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत आहोत. मुक्ताची दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे, त्यामुळे घरात सध्या तिच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळं चालतं. अश्विनीची बँक आणि माझं ऑफिस नेहमीसारखंच.

फोनवर आपण बोलतोच, तरी हे पत्र मुद्दाम लिहितोय. बाबांना फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही, आणि आई, तुला खुशाली कळली की तू फोन ठेवायच्या मागे लागतेस. मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आई भाजी निवडता निवडता ऐकेल. पाकिटात काही झेरॉक्स आहेत, त्या काढून बाजूला ठेवा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

मुक्ताला सराव प्रश्नपत्रिकांचा संच हवा होता म्हणून मध्यंतरी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. तिथे एका जुन्या पुस्तकवाल्याकडे इंजिनिअरिंगच्या जाडजूड पुस्तकांच्या ढिगात एक स्वयंपाकाचं पुस्तक दिसलं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे नाव, लेखिका, साल काहीच कळत नाही. कुणीतरी खाकी पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवून घेतलंय. उभ्या उभ्या उघडलं ते पालेभाज्यांच्या प्रकरणावर, आणि चाकवत, चुका, चंदनबटवा, घोळ, अंबाडी, पोकळा अशी नावं एकाखाली एक वाचताना वाटलं, यातलं आपल्या घरात शेवटचं काय आणि कधी शिजलं? साठ रुपये दिले आणि घेऊन आलो.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे पुस्तकाचं वय त्याच्या छपाईवरूनच लागतं. ‘घालावें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’, सगळं टिंबांसकट छापलंय. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि ही टिंबं गेली, हे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवलंत. शिवाय मापं सगळी शेर, पावशेर आणि तोळ्यांत. किलो-ग्रॅमचा कायदा १९५६चा, आणि ती वजनं टप्प्याटप्प्याने वापरात यायला लागली १९५८च्या ऑक्टोबरपासून. म्हणजे पुस्तक त्या सुमाराचं किंवा त्याच्याही आधीचं. आईची ‘रुचिरा’ १९७०ची, वाटी-चमच्याच्या मापांची, म्हणून ती उघडली की लगेच करायला घेता येतं. इथे आधी वहीत हिशोब मांडावा लागतो. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि एक तोळा ११.६६ ग्रॅमचा. सराफ आता तोळा दहा ग्रॅमचा धरतात, तो इथे धरून चालत नाही.

माझं अडलंय ते दुसरीकडेच. गूळ आणि तूप वजनाने दिलंय हे उघड आहे. पण ‘तांदूळ एक शेर’ लिहिलंय तो वजनाचा शेर की मापाचा? आजोबांच्या दुकानात तुम्ही ही मापं हाताळलीत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे मला तुमच्याकडून पाठ आहे. मात्र मापी शेरात तांदूळ वजनाने किती भरतो, ते तुमच्याशिवाय कुणाला विचारू? माळ्यावर ती पितळी मापं अजून असतील तर शेजारच्या कुणाला तरी काढून द्यायला सांगा (तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका), मापट्यात तांदूळ भरून काट्यावर ठेवा आणि आकडा मला लिहून पाठवा. आंबेमोहोर आणि कोलम दोन्हींचा बघितलात तर फारच छान. दाणा लहान-मोठा असला की फरक पडत असणार.

आता आमच्या स्वयंपाकघराचं सांगतो. मागे तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा आई, तू म्हणाली होतीस की तुमच्याकडे वार बघून भाजी ओळखता येते. तसंच झालं होतं. फ्लॉवर, भेंडी, बटाटा, मटकी, पुन्हा फ्लॉवर. फोडणी सगळ्यांना एकच. अश्विनी आणि मी दोघंही दमून साडेसातला घरात शिरतो, त्या वेळी नवीन काही सुचत नाही, आणि मग आठवड्यातून एकदोनदा बाहेरून मागवलं जातं. मोबाइलवर कृती ढिगाने असतात, पण त्यातल्या बऱ्याचशा कृतींना आधी बाजारातून चार नव्या बाटल्या आणाव्या लागतात. हे पुस्तक काहीही नवीन आणायला लावत नाही. तेच डाळीचं पीठ, तेच ताक, तेच तीळ, दाणे, खोबरं. आधी काय घालायचं आणि नंतर काय, झाकायचं की उघडं ठेवायचं, घोटायचं की नुसतं हलवायचं, एवढंच ते बदलतं आणि ताटातलं सगळं वेगळं लागतं. मला याचा जो आनंद झालाय तो तुम्हाला कळावा म्हणून दोन गोष्टी सविस्तर लिहितो.

पहिली साधी, कोबीची. पुस्तकात जवळजवळ प्रत्येक सुक्या भाजीला सांगितलंय की कढईवर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घालावं आणि मंद विस्तवावर वाफ आणावी. तू हे कायम करायचीस, मी लहानपणापासून बघितलंय, पण ते कशासाठी याचा विचार कधी केला नव्हता. आता ओट्यापाशी उभा राहून बघितलं. वरच्या पाण्यामुळे ताटली थंड राहते, आतली वाफ तिला खालून लागली की तिचे थेंब होतात आणि ते कडेकडेने सरकत परत भाजीत पडतात. कोबी स्वतःच्याच पाण्यात शिजतो, खाली लागत नाही आणि वास घरभर जाण्याऐवजी कढईत राहतो. मधे पाणी घालायची वेळ आलीच तर ताटलीतलं घालायचं, ते तोवर तापलेलं असतं, त्यामुळे शिजण्यात खंड पडत नाही. शिवाय लेखिका कोबीला हळद अगदी चिमूटभर आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ मूठभर घालायला सांगते. मुक्ताने त्या दिवशी कोबीची भाजी पुन्हा वाढून घेतली. तुला माहीत आहे कोबी म्हटल्यावर ती काय चेहरा करते ते.

दुसरी चाकवताची, आणि ही मला फार आवडली. चाकवतासाठी मंडईत गेलो. वनाजहून मेट्रोत बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की थेट मंडईखाली उतरता येतं. २०२४च्या सप्टेंबरात तो भुयारी मार्ग सुरू झाला. बाबा, तुम्ही बी.एड.ला असताना ज्या मंडईत फिरायचात तिथे आता सरकत्या जिन्याने वर यायचं आणि समोर तीच दगडी इमारत. बाहेर पालेभाज्या घेऊन बसलेल्या मावशींनी जुडी उलटी करून दाखवली. चाकवताच्या पानामागे पांढरट पिठासारखा थर असतो, तो असला म्हणजे पाला ताजा असं त्यांचं म्हणणं. तो निघेपर्यंत पाणी बदलून बदलून धुवायला त्यांनीच बजावून सांगितलं.

पानं चिरून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून शिजवायची. डाळ बोटचेपी व्हायला हवी, मोडायला नको. डाळ-दाणे बाजूला काढून पाला पळीने घोटायचा. खरी गोम पुढे आहे. आपण भाजीला पीठ लावून वर ताक ओततो. पुस्तक सांगतं की पीठ आधी ताकाला लावावं, गुठळी मोडावी, आणि मग ते ताक भाजीत घालून एकसारखं ढवळत राहावं. डाळीच्या पिठाने ताक उकळताना फाटत नाही, कढीचंही तेच तर आहे. मग डाळ-दाणे परत घालून एक उकळी. शेवटी तुपाची फोडणी: मोहरी, हिंग, मेथीचे चार दाणे, सुकी मिरची, ठेचलेला लसूण, आणि लसूण तांबूस झाला की लगेच वरून ओतायची. मेथीदाणा काळा पडता कामा नये, नाहीतर सगळी भाजी कडू. गरम भाकरी कुस्करून खाल्ली आम्ही. अश्विनी म्हणाली, हिवाळा आहे तोवर हे दर आठवड्याला झालं पाहिजे. तिच्या माहेरी, नागपूरकडे, चाकवताला वेगळंच काहीतरी घालतात म्हणे, तेही आता तिच्या आईला विचारून लिहून घेणार आहे.

बाकीचं भराभर सांगतो. दोडक्याच्या शिरा आता आमच्याकडे टाकल्या जात नाहीत. मंद आचेवर कुरकुरीत परतून, तीळ आणि सुकं खोबरं घालून चटणी होते. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत झालं. वरणफळं झाली. बाहेरून मागवणं जवळपास थांबलंय.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. दिवाळीत मिरजेला आलो होतो तेव्हा आई, तू म्हणालीस, “दोघांना काय लागतं? खिचडी टाकली की भागतं.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुझे गुडघे दुखतात, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक निवडणं नको वाटतं, हे मला समजतं. बाबांच्या कवळीमुळे अर्ध्या भाज्या बाद होतात हेही दिसतं. पण रोज खिचडी आणि रात्री दूध-पोळी यावर तुम्ही दोघं राहताय, आणि बाबांचं वजन उतरलंय. वय वाढलं की भूक कमी होते, पण शरीराला लागणारी प्रथिनं कमी होत नाहीत. उलट या वयात स्नायू झडतात म्हणून ती जास्त जपून खावी लागतात. डॉक्टर सांगतील ते तर कराच, पण ताटात रोज काहीतरी मऊ, चविष्ट आणि डाळी-कडधान्यांचं असावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ही पानं पाठवतोय. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर अक्षर वाढवून घेतलंय, चष्म्याशिवायही वाचता येईल. निवडताना तीनच गोष्टी बघितल्या: चावायला लागू नये, फार वेळ उभं राहायला लागू नये आणि दोघांपुरतं करता यावं. मापं ‘पांच माणसांकरितां’ आहेत, पेन्सिलीने मी दोघांची करून शेजारी वाटी-चमच्यात लिहिली आहेत. चाकवत त्यात आहेच. मुगाचं कढण आहे, आलं-जिरं लावून. ते सकाळी नाश्त्यालाही चालेल.

आणि एक पान आहे हुलग्याच्या माडग्याचं. आई, ते बघून मी चमकलोच. तुझ्या आटपाडीच्या आठवणींत, बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टींत माडगं यायचं, पण तू आम्हाला ते कधी करून घातलं नाहीस. गरिबीचं खाणं म्हणून मागे पडलं असेल. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. भाजून, भरडून, सालं पाखडून दळायचं, पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि गुठळी न होऊ देता ढवळायचं, एवढंच काम. पुस्तकात गूळ-सुंठेचं दिलंय. बाबांना साखर आहे, म्हणून त्यांच्यासाठी लसूण-जिऱ्याचं, वरून ताक घालून करावं असं माझ्या मनात आहे. पण कसं करतात, तिखट माडग्यात ताक कधी घालतात, किती दाट ठेवतात, हे तुझ्याकडे आहे, पुस्तकात नाही. पुस्तकात अशा जागा पुष्कळ आहेत. जरूर तितकं पाणी, बेताचं मीठ, खमंग होईपर्यंत. लिहिणारीने गृहीत धरलंय की वाचणारीच्या हाताला हे ठाऊक असणार. तुझ्या हाताला ठाऊक आहे. मला ते शिकायचंय, आणि त्यासाठी तू करायला हवंस आणि बाबांनी खायला हवं.

काही गोष्टी मी परस्पर ठरवल्या आहेत, रागावू नका. ओट्याच्या उंचीचं, पाठ टेकता येईल असं स्टूल येताना घेऊन येतोय. कामाला येणाऱ्या ताईंशी बोललो आहे. रोज अर्धा तास जास्त थांबून त्या भाजी निवडून, धुऊन, चिरून देतील, डाळी भिजत घालतील. त्याचे पैसे मी देणार आहे, त्यावर चर्चा नको. आई, तू बसून फक्त फोडणी आणि चव बघायची. आणि दर रविवारी सकाळी आपण एकच पान घ्यायचं, तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे. दुपारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी ताट दाखवायचं. व्हिडिओवर बाबांना ऐकू आलं नाही तरी चालेल, दिसेल तर खरं.

सुरुवात भोगीपासून करू. मंगळवारी, तेराला भोगी आहे. मी सोमवारी कोयनेने संध्याकाळपर्यंत पोचतो, संक्रांत करून परत निघेन. मुक्ताच्या परीक्षेमुळे अश्विनीला येता येणार नाही. न खाई भोगी तो सदा रोगी, हे तू दरवर्षी म्हणायचीस आणि पानात लेकुरवाळी भाजी वाढायचीस. पुस्तकात तिचं पान आहे: वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, घेवडा, बोरं, आणि शेवटी तिळाचं कूट सढळ हाताने. सगळं घोटून मऊ करायचं का, म्हणजे बाबांना गाजराचे तुकडे लागणार नाहीत, ते तू ठरव. पावटा आणि ओला हरभरा मी मंडईतून सोलून आणतो, म्हणजे सोलत बसायला नको. वांगी मात्र इथून आणणार नाही, ती कृष्णाकाठचीच हवीत. बाबांनी सोमवारी सकाळी बाजारात जाऊन छोटी, काटेरी देठाची बघून घ्यावीत. बाजरीचं पीठ ताजं दळून आणायला सांगा, जुनं झालं की कडवट लागतं. घरी लोणी काढता आलं तर काढून ठेव, नाहीतर मी आल्यावर घुसळू.

हुलगे वाण्याकडून आणून ठेव, अर्धा किलो पुरेत, पण आई, मी येईपर्यंत भाजायला घेऊ नकोस. किती भाजायचे, वास कुठे बदलतो, गॅस कधी बंद करायचा, हे मला तुझ्या शेजारी उभं राहून बघायचंय.

बाकी सर्व क्षेम. औषधं वेळेवर घ्या. मुक्ता आणि अश्विनीचा नमस्कार.

तुमचा,
मंदार